डीजेचे काम नव्याने सुरू करताना गाण्यांचा संग्रह कसा जमवावा?

तुम्ही लिहिले आहे की नुकताच डीजेचा जुना कंट्रोलर घेतला आहे, लॅपटॉप घरचाच आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि तालुक्यातला एक मोबाइल दुकानदार नऊ हजार गाण्यांचा पेनड्राइव्ह पाचशे रुपयांत भरून द्यायला तयार आहे. तो घ्यावा का, आणि नाही तर गाणी जमवायची कुठून, असा तुमचा प्रश्न आहे. दिग्रस-दारव्हा भागात मी बारा हंगाम लग्ने, हळदी आणि जयंत्या वाजवल्या आहेत, त्या आधारावर सांगतो की तो पेनड्राइव्ह घेऊ नका. मी घेतला होता, त्यात चार हजार गाणी होती, आणि पहिल्याच हळदीला त्याने माझी फजिती केली.

रात्री नऊच्या सुमारास हळद रंगात आली असताना नवरदेवाची आजी खाटेवरून उठून मिक्सरजवळ आली आणि म्हणाली, "बाबू, हयदीचं एखांदं जुनं गानं लाव ना, आमच्या वक्ताचं." मी शोधात 'हळद' लिहिले तर अकरा फाइली दिसल्या, त्यातल्या सहा एकाच नव्या गाण्याच्या होत्या, दोन मध्येच तुटलेल्या होत्या, आणि खरोखर जुनी असलेली गाणी 'ट्रॅक ०१', 'न्यू ट्रॅक ७' अशा नावांच्या शेकडो फाइलींत कुठेतरी गाडलेली होती. अंदाजाने एक लावले. दहा सेकंद ते बरे चालले आणि मग कोणा अनोळखी डीजेचे नाव, त्याच्या गावासह आणि मोबाइल नंबरासह, आमच्या टॉपमधून, म्हणजे मोठ्या स्पीकरमधून, गावभर घुमले. पोट्टे हसले ते सोडून देता आले असते, पण आजी काही न बोलता परत खाटेवर जाऊन बसली, ते मला अजून आठवते.

आधी किती गाणी लागतात याचा हिशेब करा. चार तासांच्या कार्यक्रमात प्रत्येक गाणे सरासरी पावणेतीन मिनिटे वाजवले, तर नव्वदच्या आत गाणी लागतात. म्हणजे पहिल्या हंगामासाठी दोनशे ते अडीचशे गाणी पुरेशी आहेत. मात्र त्या प्रत्येक गाण्याचा मुखडा कुठे सुरू होतो, अंतऱ्यानंतर ठेका कुठे सुटतो आणि शेवट अचानक होतो की विरत जातो, हे तुम्हाला न ऐकता सांगता आले पाहिजे. रोज चार गाणी कानाला हेडफोन लावून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलीत, तर दोन महिन्यांत एवढा संग्रह होतो. नऊ हजार गाणी याच वेगाने ऐकायला सहा वर्षे लागतील.

ही अडीचशे गाणी कोणती, याचे उत्तर पुण्या-मुंबईच्या डीजेला विचारून मिळणार नाही, कारण ते तुमच्या मांडवात कोण उभे आहे यावर ठरते. आपल्या पुसद-दिग्रस पट्ट्यात आणि पलीकडे वाशीम जिल्ह्यात प्रत्येक चार-सहा गावांमागे एखादा बंजारा तांडा आहे, आणि होळीच्या दिवसांत लेंगी, म्हणजे त्यांची होळीची गाणी, नसलेला डीजे तिथे दुसऱ्या वर्षी बोलावला जात नाही. तुम्ही पूर्वेला झाडीपट्टीत गेलात तर नाटकांतली गाणी मागितली जातात, गोंदियाकडे छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू, गडचिरोलीच्या आतल्या भागात गोंडी, तर मेळघाटात कोरकू. भीमगीते मात्र विदर्भात सगळीकडे लागतात, आणि ती फक्त १४ एप्रिलला लागतात असे समजू नका. १९५६ च्या ऑक्टोबरातल्या नागपूरच्या धम्मदीक्षेमुळे दसऱ्याचे दिवसही तेवढेच महत्त्वाचे असतात, आणि कित्येक घरांत हळद आणि वरातही भीमगीतानेच सुरू होते. इथे नव्या धडधडत्या रिमिक्सबरोबर वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांची मूळ ध्वनिमुद्रणे जवळ असलीच पाहिजेत, कारण रात्री पोरे थकल्यावर जाणती माणसे पुढे येतात आणि त्यांना शब्द ऐकायचे असतात. सकाळी मांडव पडत असताना संथ आवाजात लावायला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची थोडी भजनेही ठेवा. खंजिरी ऐकून घरधनी डीजेवाल्याशी जरा प्रेमाने बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आता गाणी मिळवायची कुठून? गाण्यांच्या ॲपवर 'डाउनलोड' केलेले गाणे त्या ॲपमध्येच कुलूपबंद असते, ते डीजेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. व्हिडिओवरून गाणे काढून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांवर '३२० केबीपीएस' (दर सेकंदाला साठवलेल्या आवाजाच्या माहितीचे माप) असे लिहिलेले असते, पण मूळ व्हिडिओतला आवाजच आधी दाबलेला असल्यामुळे ती मोठी फाइल म्हणजे पाणी घालून वाढवलेले दूध असते. हिंदी आणि बरीचशी मराठी गाणी आयट्यून्स स्टोअरवर एकेक करून विकत मिळतात, ती २५६ केबीपीएसच्या एएसी स्वरूपात असतात आणि त्यांना कुलूप नसते. स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प आहे. घरात किंवा नातेवाइकांकडे जुन्या ऑडिओ सीडी असतील तर त्या सोन्यासारख्या जपा, कारण त्यांतून १,४११ केबीपीएसचा संपूर्ण आवाज लॅपटॉपवर उतरवता येतो. लेंगी, गोंडी किंवा झाडीपट्टीची गाणी मात्र बहुधा जिल्ह्यातल्याच छोट्या स्टुडिओत तयार झालेली असतात, आणि त्यासाठी सरळ गायकाला किंवा स्टुडिओवाल्याला भेटून, योग्य पैसे देऊन मूळ, न दाबलेली वेव्ह फाइल मागावी. मी अशा दहा-बारा जणांकडे गेलो असेन. एकानेही नाही म्हटले नाही, उलट दोघांनी चहा पाजला.

फाइल खरी आहे की फुगवलेली, हे ओळखायला स्पेक (Spek) नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल टाकली की आवाजाचे चित्र दिसते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये हे चित्र साधारण १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखे संपते, आणि खऱ्या ३२० च्या फाइलीत ते २० किलोहर्ट्झच्या आसपास जाते. फाइलीच्या नावात ३२० आहे आणि चित्र १६ वर कापलेले आहे, तर ती फाइल टाकून द्या. मोबाइलच्या इयरफोनवर हा फरक कळत नाही, परंतु मोठ्या टॉपवर घुंगरू, झांज आणि खंजिरीच्या चकत्या पाण्यात भिजल्यासारख्या वाजू लागतात आणि मालकाला कारण कळले नाही तरी 'आवाज बरोबर नाही' एवढे कळते. आणखी एक गोष्ट म्हणजे, खेड्यातल्या बहुतेक सेटवर डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोमध्ये वाजवतात, आणि काही रिमिक्समध्ये आवाज रुंद करण्याच्या नादात अशी करामत केलेली असते की दोन्ही बाजू एकत्र होताच गायकाचा आवाज एकमेकांत कापला जातो. तेव्हा नवे रिमिक्स घेतले की ते घरीच एकदा मोनो करून ऐका.

ज्या बाबतीत परक्या भाषांतले शिकवणीचे व्हिडिओ तुमची दिशाभूल करतील, ती बाब ठेक्याची आहे. त्या व्हिडिओंतले संगीत बहुतेक चार-चार ठोक्यांचे आणि संगणकावर बांधलेले असते, त्यामुळे सॉफ्टवेअरने वेग मोजला, सिंक दाबले, की दोन गाणी आपोआप जुळतात. आपल्याकडची कितीतरी गाणी सहा मात्रांच्या, दादऱ्यासारख्या झुलत्या ठेक्यावर असतात, आणि ती सॉफ्टवेअरला नीट कळत नाहीत. एकाच गाण्याचा वेग ते कधी निमपट दाखवते, कधी दीडपट. म्हणून अशा प्रत्येक गाण्याचा वेग स्वतः बटणावर बोटाने ठेका धरून मोजा आणि दुरुस्त करून ठेवा. सहा मात्रांचे गाणे आठ मात्रांच्या गाण्यावर चढवायला जाऊ नका. वेगाचा आकडा सारखा असला तरी वेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपल्यासारखे होते आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. दुसरे असे की जुन्या भीमगीतांत आणि लावण्यांत ढोलकी माणसाने वाजवलेली आहे, आणि माणूस रंगात आला की त्याचा हात वाढतो. पहिल्या मुखड्याला सॉफ्टवेअरमध्ये लावलेली ठोक्यांची जाळी, म्हणजे ठोका कुठे पडतो त्या खुणा, दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत सरकलेली असते. अशा गाण्यांसाठी सिंक बंद ठेवून प्रत्येक गाण्यात दोन खुणा करून ठेवायच्या: एक मुखड्याच्या समेवर (पहिल्या ठोक्यावर), दुसरी जिथून सुंदरपणे बाहेर पडता येईल त्या तिहाईवर (तीनदा येऊन संपणाऱ्या बोलावर) किंवा कडव्याच्या शेवटावर. पहिले गाणे तिहाईवर सोडायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्याचा मुखडा धरायचा. मला हे जमायला पूर्ण एक हंगाम गेला, पण आज माझ्या संग्रहाची खरी किंमत त्या खुणांमध्ये आहे, फाइली कोणीही जमवू शकतो. सुरांची पट्टी जुळवून मिसळण्याबद्दलही तुम्ही वाचाल. ते चांगले आहे, पण सध्या बाजूला ठेवा.

नाव आणि नोंद या कामात आळस करू नका. प्रत्येक फाइलीला गायक, गाण्याचे पहिले शब्द आणि वेग एवढे नाव द्या, आणि टिप्पणीच्या रकान्यात स्वतःच्या भाषेत लिहा. माझ्याकडे तिथे 'आजी', 'पोट्टे', 'मामा लोक', 'नवरी येताना', 'जनरेटर सुरू झाल्यावर' असे शेरे आहेत. शेवटचा शेरा थट्टेचा वाटेल, पण लाईन जाऊन दहा मिनिटांनी सेट पुन्हा सुरू होतो तेव्हा गर्दी पांगलेली असते आणि तिला परत आणणारी पाच-सहा गाणी वेगळी काढलेली असावी लागतात. मिक्स (Mixxx) या फुकट डीजे सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे करता येते. पहिल्या वर्षी पैसे देऊन सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही.

साठवणुकीचे थोडक्यात सांगतो. ३२० केबीपीएसला मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात, म्हणजे साडेचार मिनिटांची अडीचशे गाणी तीन जीबीच्या आत बसतात. ३२ जीबीचे दोन चांगले पेनड्राइव्ह घ्या, ते फॅट३२ स्वरूपात फॉरमॅट करा, कारण भाड्याने मिळणारे जुने प्लेयर सहसा दुसरे स्वरूप वाचत नाहीत, आणि दोन्हींवर तोच संग्रह ठेवून एक खिशात व एक गाडीत राहू द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पिकअपच्या टपावर ठेवलेला लॅपटॉप वरातीच्या मध्यावर आपोआप बंद पडतो, त्या दिवशी हे उपयोगी येते.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी दुकानदाराचा विषय निघाला म्हणून लिहितो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवण्याला सूट आहे. प्रती काढून विकण्याला नाही. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद ठेवायचा असतो, म्हणून पावणेदहाला वाजवायची गाणीही संग्रहात आधीच ठरलेली असू द्या.

पाचशे रुपये वाचले असतील तर त्यांतून थोडी गाणी विकत घ्या आणि दहा रुपयांची एक वही घ्या. कोणी मागितले आणि आपल्याकडे नव्हते, असे प्रत्येक गाणे मागणाऱ्याच्या गावासह त्या वहीत लिहायचे आणि पुढच्या कार्यक्रमाआधी शोधायचे. माझी चौथी वही चालू आहे. त्या आजीने मागितले होते तसे हळदीचे गाणे मला पुढे दारव्ह्याच्या एका बाईंनी त्यांच्या घरात बसून, जात्याच्या चालीवर म्हणून दाखवले. ते मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, त्यामागे कोणताही ठेका नाही, आणि हळदीला सगळ्यात आधी मी तेच लावतो.