वाचकांचे प्रश्न : नववीचा वर्ग खाली आणता येतो

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे वॉकर घेऊन चालते. आठवीपर्यंत ती गावातच शिकली. आता तालुक्याच्या अनुदानित हायस्कुलात तिचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे. मुख्याध्यापक म्हणतात, "नाव पटावर राहू द्या, परीक्षेला तेवढी आणा." मुलगी मात्र रोज म्हणते, "माले शाळामा जानं शे." आम्ही काय करावे?
– एक आई, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, मुख्याध्यापकांच्या मनात वाईट नसेलही, परंतु त्यांनी सुचवलेली ही वाट मान्य करू नका. या वयात मुलीला फळ्यावरच्या धड्याइतकीच, मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणारी मैत्रीण हवी असते आणि ती परीक्षेच्या दिवशी भेटत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने दिव्यांग मुलांना भेदभाव न करता इतरांबरोबर शिकवायचे असते आणि त्यासाठी आवश्यक ते बदलही करायचे असतात. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्यास 6 ते 18 वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शाळा निवडायची की नाही, हे शाळेने ठरवायचे नसते. तेव्हा नववीची खोली तळमजल्यावरच्या एखाद्या वर्गाशी बदलून द्यावी, असा लेखी अर्ज करा, त्यावर तिचीही सही घ्या आणि पोच मागून घ्या. दाद न मिळाल्यास तोच अर्ज जळगावला जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे न्यावा.

एक गोष्ट मुलगी कदाचित तुम्हालाही सांगणार नाही. वॉकरसह आत जाता येईल असे स्वच्छतागृह नसले, की अशा मुली शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि आपल्या खानदेशच्या उन्हात त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवू शकतो. म्हणून अर्जापूर्वी स्वतः शाळेत जा. वॉकरची आणि स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी टेपने मोजा, उंबरठा किती उंच आहे ते पाहा, आत धरायला दांडी आहे का तेही पाहा, आणि ही मापे अर्जात लिहा. "सोय नाही" एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. मापे दिली, की गवंड्याला बोलावता येते.

लिहिताना तिचा हात अवघडत असेल, तर दहावीला तासामागे 20 मिनिटे जादा वेळ किंवा लेखनिक मागता येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र त्यासाठी आताच तयार ठेवा, कारण ही मागणी परीक्षेच्या बऱ्याच आधी शाळेमार्फत मंडळाकडे जावी लागते.