सिरॉसिसमधली गाठ, ‘पीडी-१’ आणि गुळवेलीचा काढा

तुमचा प्रश्न असा : निपाणीत राहणाऱ्या वडिलांना सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन त्यावर व्रण पडण्याचा आजार) आहे, त्यात आता लिव्हर कॅन्सरची गाठ निघाली. बेळगावच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारे उपचार) सुचवताना ‘पीडी-१ रिसेप्टर’चं नाव घेतलं. प्रतिकारशक्तीच वाढवायची, तर घरचा गुळवेलीचा काढा का नको?

आधी काढ्याचं. आजच बंद करा आणि डॉक्टरांना तो घेत होते हे सांगा. गुळवेलीमुळे ऑटोइम्यून प्रकारची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उठते तशी) लिव्हरची सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. सिरॉसिसच्या लिव्हरला असा एक धक्काही जड जातो.

सिरॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती नुसती ‘कमी’ नसते. आतड्यातल्या जिवाणूंचे अंश पोर्टल शिरेतून (आतड्याकडून लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतून) सतत लिव्हरमध्ये येतात. तिथल्या कुफर पेशींवरचा (लिव्हरमधल्या पहारेकरी पेशींवरचा) टीएलआर-४ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश टिपणारा भाग, ते ओळखतो आणि सूज धगधगत राहते. दुसरीकडे रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरचा एचएलए-डीआर (जंतूंचे तुकडे टी-पेशींना दाखवणारा रेणू) घटतो, म्हणून जंतुसंसर्ग पटकन होतो. टी-पेशी, म्हणजे गाठीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तर लढून थकलेल्या. त्यांच्यावर पीडी-१ वाढलेला असतो. हा रिसेप्टर म्हणजे टी-पेशीचा ब्रेक. गाठीतल्या पेशी आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आपल्यावरचा पीडी-एल१ हा रेणू त्याला जोडून तो ब्रेक दाबून धरतात.

इम्युनोथेरपी हा ब्रेक सोडवते. नेहमीच्या दोन औषधांच्या जोडीतलं अटेझोलिझुमॅब हे पीडी-एल१ला अडवतं : १२०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी शिरेतून. सोबत बेव्हासिझुमॅब, किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९००. हे दुसरं औषध गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करतं आणि रक्तस्राव वाढवू शकतं. म्हणून आधी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी). अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा सापडल्या तर त्यांना बँड लावून किंवा गोळ्या देऊन मगच सुरुवात. कंटाळून ही तपासणी टाळू नका, उलटीतून रक्त पडण्याचा धोका खरा आहे. बेव्हासिझुमॅब जमत नसेल तर ट्रेमेलिमुमॅबचा ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस आणि ड्युरव्हालुमॅब १५०० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी, हा पर्याय विचारा. ट्रेमेलिमुमॅब सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर चालतं.

माझ्या मते पीडी-१पेक्षा तुम्ही चाइल्ड-प्यू स्कोअर (लिव्हर किती काम करतंय याचे गुण) विचारायला हवा. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), पोटातलं पाणी आणि भ्रम यांवरून तो काढतात. ५-६ गुण म्हणजे ‘ए’, सर्वांत बरी स्थिती; ‘सी’ सर्वांत वाईट. या औषधांच्या मुख्य चाचण्या याच गटात झाल्या. ‘सी’मध्ये ब्रेक काढून फारसं हाती लागत नाही, कारण माणूस गाठीआधी लिव्हर बंद पडून जाऊ शकतो. हिपॅटायटिस बीची तपासणीही झाली आहे ना, पाहा. विषाणू असेल तर एंटेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करावं लागतं.

ब्रेक सुटला की टी-पेशी चांगल्या अवयवांवरही उठतात. जुलाब, नवा दम, वाढती कावीळ, अंगावर पुरळ यांपैकी काही दिसलं तर गावातल्या मेडिकलमधून गोळी आणून थांबू नका. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी बऱ्याचदा पुढचा डोस थांबवून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते किती द्यायचं हे त्यांनीच ठरवायचं.