शेवटच्या पेपरात किती पाहिजेत?

जानेवारी उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "मॅडम, आता शेवटच्या पेपरात किती पडायला पाहिजेत?" अभियांत्रिकीची मुले तोच प्रश्न सत्रांबद्दल विचारतात. पाच सत्रांची सरासरी दहापैकी 7.2 आहे आणि आठव्या सत्राअखेर 7.5 हवी, तर उरलेल्या तीन सत्रांत किती? सर्व सत्रांचे श्रेयांक (क्रेडिट) सारखे धरले तर उत्तर 8 येते, आणि ते ऐकताच चेहरा उतरतो, कारण बहुतेकांनी मनात 7.8 धरलेले असते. प्रश्न गणिताचा दिसतो म्हणून पालक मुलांना आधी शिक्षकांकडे पाठवतात. पण तो तेवढाच असता तर ही मुले रात्री दोन वाजता उठून तीच बेरीज-वजाबाकी पुन्हा मांडत बसली नसती.

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दहावीच्या पूर्वतयारी परीक्षेत तिने पाच पेपर व्यवस्थित दिले आणि सहाव्याला, म्हणजे गणिताला, ती गेलीच नाही. वडील गोंधळून गेले होते. "पोटात दुखतंय म्हणाली आणि दप्तर उचललंच नाही. ट्यूशन लावलीय की गणिताला, मॅडम." पहिल्या भेटीत मुलगी जवळजवळ काहीच बोलली नाही. उठताना मात्र तिने कंपासपेटीतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर पाच विषयांची टक्केवारी होती: मराठी 94.4, कन्नड 82, समाजविज्ञान 83, विज्ञान 76, इंग्रजी 74. खाली 85 गुणिले 6 बरोबर 510, त्यातून 409.4 वजा, आणि उरलेल्या 100.6 भोवती लाल शाईची तीन वर्तुळे.

"शंभरात एवढे कुणाला पडतात?" ती म्हणाली. "मग पेपर लिहून काय उपयोग?"

दुसऱ्या भेटीत मी तिचे गणित दुरुस्त केले. कर्नाटकात दहावीची परीक्षा एकूण 625 गुणांची आणि त्यात प्रथम भाषा 125 गुणांची असते, त्यामुळे सहा विषयांची टक्केवारी सारख्या वजनाने बेरजेत घेता येत नाही. अंतर्गत गुण धरून तिला मराठीत 125 पैकी 118 होते. पाच विषयांची बेरीज 433 झाली. 625 चे 85 टक्के म्हणजे 531.25, म्हणून गणितात 98.25, अर्थात 99 गुण हवे होते. अशक्य ते शक्य झाले म्हणून ती हसली, आणि मीही स्वतःवर खूश झाले. पुढच्या आठवड्यात कळले की ती पहाटे तीनपर्यंत गणिते सोडवते आणि बाकीची पुस्तके तिने उघडलेलीच नाहीत. माझी वजाबाकी अचूक होती. मात्र मी तिला अशक्य अटीच्या जागी जेमतेम शक्य अशी अट देऊन घरी पाठवले होते.

तेव्हा मी उत्तर बाजूला ठेवून 85 या आकड्याकडे वळले. तो आला कुठून? महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजच्या आत्याच्या मुलाला दहावीत 85 टक्के पडले होते आणि घरात तोच आकडा दिवाळीपासून फिरत होता. आपल्या भागात निम्मे नातेवाईक सीमेपलीकडे असतात, त्यामुळे अशा तुलना घरोघरी चालतात. पण महाराष्ट्रात दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर काढतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. गणितात तिचे नेहमीचे 70 धरले तर आपल्या पद्धतीने तिला 80.48 टक्के पडत होते; तेच गुण पलीकडच्या रीतीने मोजले तर सर्वांत कमी गुणांचा विषय, म्हणजे गणितच, गळून 81.88 टक्के होतात. ज्या विषयाच्या धास्तीने ती आजारी पडली होती, तो पलीकडे मोजलाच गेला नसता. हे ऐकून वडीलच आधी खुदकन हसले.

तरीही खरी गाठ सुटली ती चौथ्या भेटीत. मी वहीत सहा चौकोन काढले आणि पाचांत तिचे गुण लिहिले.

"यातले कोणते आकडे आता बदलणार नाहीत?"

"पाच. ते पेपर झाले की."

"ते पूर्वतयारीचे झाले. मुख्य परीक्षेत कोणकोणते पेपर आहेत?"

ती बराच वेळ गप्प बसली. मी पुढे काहीच विचारले नाही. अशा वेळी बोलण्याचा मोह आवरणे हे मला पंधरा वर्षांनी जमू लागले आहे. मग तिने खोडरबर घेतले आणि पाचही आकडे एकेक करून खोडले. "सगळेच कोरे आहेत," ती म्हणाली.

त्यानंतरचे काम तिनेच केले. 433 मध्ये गणिताचे 70 मिळवून 503. 85 टक्क्यांसाठी लागणाऱ्या 532 ला 29 कमी. हे 29 तिने वाटून टाकले: गणितात 9, इंग्रजीत 7, विज्ञानात 6, कन्नडमध्ये 3, समाजविज्ञानात 3 आणि मराठीत 1. एका पेपरातून 99 मागणारा आकडा असा सहा ठिकाणी विखुरला, आणि त्यातला कुठलाही तिला भीतिदायक वाटेना.

या प्रसंगाने मला जे दाखवले ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. सरासरीच्या उदाहरणात हरवलेली संख्या एकच असते, कारण बाकीच्या ठाम आहेत असे आपण गृहीत धरतो. घाबरलेले मनही नेमके हेच करते; जे अजून बदलू शकते त्यालाही ते शिक्कामोर्तब करून मोकळे होते आणि सगळी थकबाकी एकाच उद्याच्या दिवसावर टाकते. थकबाकी हा शब्द मी मुद्दाम वापरते. चार पेपरांची सरासरी 82 असेल आणि 85 हवी असेल तर प्रत्येक पेपर तीन गुणांचे देणे मागे ठेवतो, म्हणून पाचव्याला 85 अधिक 12, म्हणजे 97 लागतात, 88 नव्हेत. सूत्रापेक्षा असे उसनवारीच्या हिशोबाने मांडले की मुलांना आपला आकडा कशाने फुगला ते दिसते, आणि तो शंभराच्या वर गेला तर ते आपल्या लायकीचे मोजमाप वाटत नाही. एवढे देणे एका पेपरात फिटणार नाही, इतकेच त्यातून कळते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीच्या वळणाची मी आहे, त्यामुळे "85 पडले तर आवडेल" आणि "85 पडलेच पाहिजेत" यांतला फरक मला फार मोठा वाटतो. पालकांना माझे सांगणे असे की, मुलाने हा हिशोब मांडला तर "जमेल रे" म्हणून तो मिटवू नये. शेजारी बसून आधी एकूण गुण आणि प्रत्येक विषयाचे वजन तपासावे, लक्ष्याचा आकडा कुणाचा आहे ते विचारावे, आणि मग कोणते रकाने खरोखर बंद आहेत ते मुलालाच ठरवू द्यावे. 2024 पासून कर्नाटकात दहावीला एका वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षांची सोय झाली आहे, त्यामुळे लिहून झालेला पेपरही पूर्वीइतका बंद राहिलेला नाही. खूप उशिरा, दोन दिवसांवर परीक्षा असताना आलेल्या मुलाला मात्र मी हा हिशोब करूच देत नाही. त्याला झोपायला सांगते.

मे महिन्यात ती वडिलांबरोबर कुंदा घेऊन आली. 519 गुण, 83.04 टक्के, गणितात 81. वडिलांनी सवयीने विचारले, "पंच्याऐंशीला किती कमी पडले गं?"

"तेरा," ती कुंद्याचा डबा उघडत म्हणाली. "इंग्रजीतले सात आलेच नाहीत, आप्पा."