सिंगल स्पीड एमटीबीला पुढे 32 दात असतील तर मागे किती दातांचं कॉग लावावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात कोथरूडला राहता, जुनी 29 इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, म्हणजे एमटीबी) सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, करायची आहे, आठवड्यात वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड असा बेत आहे, आणि जो तो 2:1 (पुढचे दात मागच्यांच्या दुप्पट) सांगतोय म्हणून मागे 16 लावायचा विचार आहे.

16 लावू नका. 20 ने सुरुवात करा आणि एक 18 चं कॉग (मागच्या चाकाची दातेरी चकती) घरी आणून ठेवा.

2:1 हा हिशोब 26 इंची चाकांच्या काळातला आहे. तेव्हा 32 ला 16 लावलं की 26 गुणिले 2, म्हणजे 52 'गिअर इंच' मिळायचे. हे माप पुढे भलंमोठं चाक असलेल्या जुन्या सायकलींवरून आलं. त्यांत पायडल थेट चाकालाच असायचं, म्हणून 52 इंच म्हणजे 52 इंच व्यासाचं चाक थेट पायाने फिरवल्यासारखं. तोच 2:1 तुमच्या 29 इंची चाकाला लावला की 58 होतात, म्हणजे गिअर अकरा-बारा टक्क्यांनी जड झाला. जुना 52 हवा असेल तर 29 ला 32×18 (पुढे 32, मागे 18 दात) लागतं. सल्ला देणाऱ्यांनी चाक बदललं, आकडा मात्र तोच ठेवला.

पण इंचांत अडकू नका. गिअरवाल्या सायकलवर चढ आला की आपण गिअर हलका करतो आणि वेग हवा तेवढा कमी करतो. सिंगल स्पीडवर तशी सवड नसते. पाय मिनिटाला 40-45 फेऱ्यांच्या खाली गेले की प्रत्येक पायडल म्हणजे जिममधला लेग प्रेस, आणि गुडघे काही दिवसांतच जाब विचारतात. म्हणजे कॉग निवडताना तुम्ही खरं तर चढावरचा किमान वेग निवडत असता. तेवढा वेग पायांना झेपला तर सायकल वर जाते, नाहीतर उतरून ढकलायची.

हे सिंहगडावर ताडून बघता येतं. पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत साधारण 9 किलोमीटर रस्ता, चढाई सहाशे मीटरच्या आसपास. 29 इंची चाकाचा 2.2 इंच रुंद टायर एका फेरीत सुमारे 2.3 मीटर पुढे जातो. 32×16 वर पायडलच्या एका फेरीला 4.6 मीटर, 32×18 वर 4.1, 32×20 वर 3.7. मिनिटाला 45 फेऱ्या धरल्या तर 16 वर तुम्ही ताशी 12.4 च्या वेगाने साधारण 44 मिनिटांत वर पोचाल, 18 वर 49 मिनिटांत, 20 वर 54 मिनिटांत. आता स्वतःला विचारा, गिअरवाल्या सायकलवर तुम्हाला किती वेळ लागतो? 44 मिनिटांत चढत असाल तर खुशाल 16 लावा, मी अडवणारा कोण! पण सव्वा तास लागत असेल तर तो वेग ताशी 7.2 झाला, आणि 20 वरसुद्धा पाय मिनिटाला जेमतेम 33 फेऱ्या मारतील. अशा वेळी 22 लावा, किंवा मधले काही वळसे चालत जायची तयारी ठेवा. सिंगल स्पीडवाल्यांत गंमतीने म्हणतात की आपल्याकडेही तीन गिअर असतात: बसून, उभं राहून आणि ढकलत. तिसऱ्याची लाज वाटून घेऊ नका.

वेताळ टेकडीचं गणित निराळं आहे. तिथले चढ छोटे असतात, दोन-तीन मिनिटं दम धरला की झालं, त्यामुळे ताकदीच्या जोरावर 18 सुद्धा निभावून जातं. अडचण येते ती मुरुमाची. जड गिअरवर उभं राहून जोर लावला की पायडल वर-खाली होताना जोर झटक्याझटक्याने मागच्या चाकावर येतो, आणि सुट्या खड्यांवर चाक जागच्या जागी फिरतं. हलक्या गिअरवर तोच जोर जास्त सलग लागतो. उभे राहिलात तरी कंबर मागेच ठेवा, सीटचं टोक मांडीला लागेल इतपत, आणि मागच्या टायरमधली हवा थोडी कमी करा. खाणीकडच्या वाटेवर मला 20 बरं वाटतं ते याच कारणाने. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडच्या डांबरी रस्त्याने चढत असाल तर हा प्रश्न येत नाही.

सपाटीला 20 हलकं पडणार, हे खरं. खडकवासल्याच्या रस्त्यावर मिनिटाला 90 फेऱ्या मारूनही ताशी 20 च्या वर जाणार नाही, आणि रोड बाइकवाले घंटी वाजवत पुढे जातील. जाऊ द्या. सपाटीसाठी गिअर जड करून घाटात हाल काढण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही.

काहीही विकत घेण्याआधी आहे ती गिअरची सायकल घ्या, मागच्या चकत्यांचे दात मोजा, 20 च्या जवळची चकती निवडा आणि दोन आठवडे शिफ्टरला, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याला, हात लावू नका. हात सारखा तिकडे जाईल. तरीही टिकलात तर सायकल बदलायला घ्या.

आणि बदलायचं झालंच तर कॉग बदला, चेनरिंग (पायडलजवळची पुढची चकती) नको. मागचा एक दात पुढच्या जवळजवळ दोन दातांइतका फरक करतो आणि कॉग स्वस्तही पडतं. मागच्या चाकाच्या मधोमध गिअरच्या चकत्यांचा संच (कॅसेट) ज्यावर बसतो, त्या फ्रीहबवर पातळ पत्र्याचं कॉग लावू नका. उभं राहून मारलेल्या जोराने ते ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये रुततं आणि मग निघता निघत नाही. रुंद बुडाचं घ्या, आणि दोन्ही बाजूंना स्पेसर (मोकळी जागा भरणाऱ्या कड्या) असे बसवा की वरून पाहिल्यावर चेन पुढून मागे नाकासमोर सरळ दिसेल.

जुन्या हार्डटेलचे ड्रॉपआउट (फ्रेमच्या ज्या खाचांत मागचं चाक बसतं त्या) बहुधा उभे असतात, त्यांत चाक मागे ओढून चेन ताणता येत नाही. त्यासाठी टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, लागेल. जुना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) फेकला नसेल तर त्याची हालचाल अडवणाऱ्या लिमिट स्क्रूने त्याची पुली (चेन जिच्यावरून फिरते ती छोटी चकती) कॉगच्या रेषेत आणा, तोही टेन्शनरचं काम करतो. चेन 20 च्या मापाने कापा. 18 लावल्यावर जी ढील येईल ती टेन्शनर खाऊन टाकतो.