माडीवरच्या सागवानी जमिनीला उन्हाळ्यात फटी पडल्यात, लांबी (पुट्टी) भरून पॉलिश करून घेऊ का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पारोळ्याच्या जुन्या घरात माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. होळीनंतर फळ्यांमधल्या फटी वाढत गेल्यात, चमक उडालीय, खिडकीपाशी दोन काळी वर्तुळं आहेत. पॉलिशवाला म्हणतोय, याच आठवड्यात मशीन लावून घासतो, फटींत लांबी भरतो आणि वर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून देतो. करू का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता नका करू. लांबी तर मुळीच नको. घासाई आणि पॉलिश दिवाळीनंतर काढा, तोवर फटींत कुणालाही काही भरू देऊ नका. मी चोपड्याचा, आमच्या घरचं काम लाकडाचंच. पावसाने किंवा उधईने खराब झालेल्या माड्या मी पाहिल्यात, पण ऐन उन्हाळ्यात हौसेने केलेल्या दुरुस्तीने बिघडलेल्या त्याहून जास्त पाहिल्यात, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो, कारण तसा साग आता सहजी मिळत नाही.

झाड तोडून, चिरून, वाळवून शंभर वर्षं झाली तरी लाकडाचं हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं थांबत नाही. आपल्याकडे खानदेशात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. श्रावणात तीच ८० च्या घरात. लाकूड या दोन टोकांच्या मागोमाग चालतं. फळी लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. सागाच्या आतला ओलावा ६ टक्क्यांनी उतरला की सहा इंच रुंद फळी दीड मिलिमीटरच्या आसपास आकसते, म्हणजे सुताराच्या मापात अर्धा सूत. हे सागाचं, जो कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतो. लाकूड चिरताना जी फळी गाभ्याकडून सालीकडे कापली गेली ती याच्या निम्मीच हलते, म्हणून एकाच खोलीत काही फटी ठळक आणि काही केसाएवढ्या दिसतात. यात बिघाड काहीच नाही.

आता मे महिन्यात या फटींत लांबी भरली की काय होतं ते बघा. मृग लागला, हवा ओलावली, फळ्या फुगू लागल्या, आणि फुगायला जागाच नाही. मऊ लांबी असली तर तिचा चुरा होऊन वर येतो, पायाला टोचतो. कडक इपॉक्सी असली तर ती हटत नाही, मग फळीच्या कडा दबतात, खिळे वर येतात, कधी दोन फळ्या तंबूसारख्या उभ्या राहतात. दबलेली कड परत पूर्वीसारखी होत नाही, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात फट आधीपेक्षा मोठी दिसते.

पीयूचंही तसंच. जुन्या, नुसत्या खिळ्यांनी बसवलेल्या जमिनीवर पीयूचे जाड कोट मारले की ते फटींत उतरून शेजारच्या फळ्या एकमेकींना चिकटवतात. मग पाच-सहा फळ्या एकजीव होऊन आकसतात आणि त्यांची सगळी आकस एकाच ठिकाणी मोठी फट होऊन उघडते, नाहीतर फळीच मधोमध चिरते.

फट आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास मोजा. चार-पाच ठिकाणं निवडा, पातळ पत्र्याची पट्टी किंवा जाड कागदाच्या घड्या घालून बघा आणि वहीत लिहून ठेवा. पुन्हा श्रावणात, कानबाईचा सण आटोपून कानबाई उठल्यावर, त्याच ठिकाणी मोजा. श्रावणात मिटलेली किंवा नखाएवढी उरलेली फट हवामानाची आहे, तिला कधीच काही भरू नका. भर पावसाळ्यातही उघडी राहणारी फट कायमची आहे आणि फक्त तिचाच इलाज करायचा. तोही लांबीने नाही. जुन्या सागाची पातळ पट्टी तासून फटीत बसवायची आणि तिला एकाच बाजूच्या फळीला सरस लावायचा, दुसरी बाजू मोकळी ठेवायची. पट्टी त्या फळीबरोबर हलते आणि कुठे ताण येत नाही. सुताराला हे सांगावं लागतं, नाहीतर तो दोन्ही कडांना फेव्हिकॉल फासून मोकळा होतो. भरा किंवा भरू नका, पण पावसाळ्याआधी फटींतली माती बारीक ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढून टाका. खडे अडकलेली फट मिटू शकत नाही.

आता कूलर. याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण पारोळ्यात मे महिन्यात कूलरशिवाय घर असेल असं मला वाटत नाही. डेझर्ट कूलर दिवसभर एकाच पट्ट्यावर ओली हवा फेकतो. त्या पट्ट्यातल्या फळ्या श्रावणात असल्यासारख्या फुगतात आणि चार हातांवरच्या वैशाखात असल्यासारख्या आकसलेल्या असतात. शिवाय टाकी भरताना सांडणं, पंपाच्या नळीची गळती, गवताच्या पॅडमधून ठिबकणं हे चालूच. लाकडी जमिनीवर कूलर ठेवायचाच नाही. तो खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर जाऊ द्या, झडप थोडी वर वळवा म्हणजे झोत जमिनीवर आपटणार नाही, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. कूलरला तसंही हवा बाहेर जायला वाट लागतेच, नाहीतर खोली नुसती दमट होते.

रोजच्या काळजीत पाण्याच्या आधी धुळीचं नाव घेईन. उन्हाळ्यात वावटळीबरोबर जी बारीक रेती घरात येते तीच पायाखाली दळली जाऊन पॉलिश खाते. जिन्याच्या खाली एक जाडाभरडा पायपुसणा आणि वर दाराशी एक मऊ पायपुसणा ठेवा, चपला खालीच सुटू द्या. रोज मऊ झाडूने केर काढा, कडक फडा किंवा खराटा माडीवर नेऊच नका. पोछा मारायचाच तर फडकं इतकं घट्ट पिळा की पुसल्यावर ओल मिनिटभरात उडून जाईल, आणि लगेच कोरडं फडकं फिरवा. फिनाईल, सोडा, साबणाचं पाणी नको, बादलीने जमीन धुणं तर नाहीच. चकाकीसाठी काही घरांत शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल चोळतात. ही तेलं वाळत नाहीत, चिकट राहतात आणि सगळी धूळ धरून काळपट थर होतो. पलंग, टेबल, लोखंडी कपाटाच्या पायांना नमद्याचे (जाड फेल्टचे) तुकडे चिकटवा आणि वर्षाकाठी बदला, कारण त्यात रेती रुतली की तो नमदाच पॉलिशपेपरसारखा घासतो. रबरी पाठीच्या चटया टाळा. उन्हाळ्यात रबर पॉलिशला डाग देतं. सुती सतरंजी चांगली, तीही अधूनमधून सरकवावी, म्हणजे रंग एकसारखा उतरतो.

काळ्या वर्तुळांचं सांगतो. खिडकीपाशी माठ, रांजण किंवा लोखंडी तिवई ठेवली जात असणार. आखाजीची घागरही लोक थेट फळीवर मांडतात आणि कोरी घागर पाझरतेच. ओल आणि लोखंड एकत्र आलं की सागातल्या टॅनिनशी (लाकडातल्या तुरट द्रव्याशी) मिळून निळसर काळा डाग धरतो. सिलिंडरच्या कड्याचाही असाच पडतो. वरवर घासून तो जात नाही. त्या जागेचं जुनं पॉलिश काढून उघड्या लाकडावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावतात. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे पुरे. ब्रशने पूर्ण फळीवर लावा, फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट ठिगळ दिसतं. वाळल्यावर साध्या पाण्याच्या फडक्याने नीट पुसून काढा आणि मगच घासा, कारण वाळलेल्या पावडरीची धूळ नाका-घशाला फार जाळते. हे विष आहे: हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. पुढे माठाखाली दगडी पाट किंवा ताट ठेवलं की प्रश्न मिटतो.

पॉलिश खरंच संपलंय का, ते पाण्याच्या थेंबाने कळतं. कोपऱ्यात, दाराशी, खोलीच्या मध्यावर एकेक थेंब टाका. पाच मिनिटं थेंब गोल उभा राहिला तर पॉलिश जिवंत आहे, नुसती साफसफाई पुरे. लगेच मुरून फळी गडद झाली तर तिथलं संपलंय. बहुतेक घरांत चालण्याच्या वाटेवरचं गेलेलं असतं आणि पलंगाखालचं शाबूत असतं, मग अख्खी जमीन कशाला घासायची? मशीन प्रत्येक वेळी लाकूड खातं. जुनी जाड फळी ते सोसते, पण खिळ्यांची डोकी उघडी पडली की पुढे घासायला काही उरत नाही. घासायच्या आधी प्रत्येक खिळा एक सूत खाली ठोकून घेतला पाहिजे, आणि कागद ६० नंबरपासून ८०, १००, १२० असा क्रमाने चढला पाहिजे. मधला टप्पा गाळला तर ओरखडे पॉलिशनंतर दिसतात.

तुमच्या जमिनीला मी जवसाचं उकळलेलं तेल सुचवतो, थोडं टर्पेंटाइन घालून, अगदी पातळ दोन-तीन हात. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासात उरलेलं तेल पुसून काढायचं आणि दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. तेल लाकडात मुरतं, फळ्या चिकटवत नाही, आणि पुढच्या वर्षी झिजलेल्या वाटेवर तेवढाच हात मारता येतो. पीयूइतका कडक थर मिळत नाही, पाण्याला थोडं जास्त जपावं लागतं, तरी जुन्या माडीला हेच सोसतं. एक गोष्ट मात्र जिवाशी खेळ आहे: जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, आपल्या उन्हाळ्यात तर अधिकच. पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात मोकळी, एकेक पसरून वाळवा. लाखेचं स्पिरिट-पॉलिश कपाटाला ठीक, जमिनीवर पाण्याचा एक पेला सांडला की पांढरं पडतं.

नव्या घरात जीभ-खाचेच्या, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या, सागवानी पट्ट्या असतील तर दोन भागांचं पीयू योग्य. पण सागाला स्वतःचं तेल असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही. घासल्यावर ॲसिटोनने पुसून लगेच पहिला कोट मारायचा. पावसाळ्यात हे काम करूच नये, दमट हवेत कोटात बुडबुडे येतात. आणि लॅमिनेट असेल तर त्यावर मशीन लावायची गोष्टच नाही, वरचा थर छापलेला असतो.

श्रावणात फळ्यांच्या कडा वर आलेल्या दिसल्या तरी घाबरून रंधा मारू नका. खालून ओल मिळाली की असं होतं. कारण शोधा, वाळू द्या, बहुतेक वेळा फळी परत सपाट होते. तेव्हाच घासली तर वाळल्यावर मध्ये फुगीर राहते.

आता तुमच्या घराचं छप्पर. धाब्याचं (मातीचं सपाट) असेल तर मृगाआधी खारी माती टाकून पन्हाळी मोकळी केली की नाही, ते जमिनीच्या पॉलिशपेक्षा महत्त्वाचं. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं दर वर्षी पावसाआधी बघा. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, किंवा पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर उधई आहे. सागाचा गाभा ती सहसा सोडते, कडेचा पांढुरका भाग आणि मागाहून लावलेलं हलकं लाकूड खाते. रॉकेल ओतून ती जात नाही, कारण तिचं घर जमिनीत असतं. परवानाधारक माणसाकडून जोत्याला आणि भिंतीला औषध भरून घ्या. पिठासारखी भुकटी पडत असेल तर तो भुंगेरा, त्याला उघड्या लाकडावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी लावतात. आणि खालच्या बैठकीत शोभेसाठी पीओपीचं छत घेऊ नका. कडीपाटाची, म्हणजे तुळयांवरच्या फळ्यांची, खालची बाजू उघडी आहे म्हणून तर ही जमीन इतकी वर्षं टिकलीय: तिला हवा लागते आणि बिघाड डोळ्यांना दिसतो.

एखादी फळी बदलावीच लागली तर नवी वखारीतली घेऊ नका. आपल्या गावांत पाडलेल्या वाड्यांचा साग विकायला येतो, तो घ्या. खिळे काढून, तुमच्याच माडीवर महिनाभर आडवी ठेवून मग ती बसवा, आणि बसवण्याचं काम कार्तिक-मार्गशीर्षात करा. तेव्हा फळी ना फार फुगलेली असते ना फार आकसलेली.