हमीची जागा की मोठं नाव: १ मेच्या आधी काय तपासायचं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही पत्रं नीट वाचली. एकीकडे जॉन्स हॉपकिन्स. दुसरीकडे न्यू जर्सीतल्या सरकारी कॉलेजचा सात वर्षांचा कार्यक्रम, म्हणजे तीन वर्षं तिथे आणि पुढची चार ठरलेल्या मेडिकल स्कूलमध्ये, तिथल्या जागेची हमी आधीच. १ मेपर्यंत कळवायचंय आणि घरात दोन तट पडलेत, असं तू लिहिलंस. माझं मत आधीच सांगते. डॉक्टरच व्हायचंय हे तुझं तू ठरवलं असशील आणि पत्रातल्या अटी पाळण्याजोग्या असतील, तर सात वर्षांची जागा घे. दोन्हींपैकी एकाबद्दल जरी शंका असेल, तरी हॉपकिन्सला जा.

आधी अटी बघू, कारण 'हमी' म्हणतात ती बिनशर्त नसते. पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर जीपीएची, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेडची, अट असते. बऱ्याच कार्यक्रमांत ती ३.५ च्या आसपास असते, कुठे जास्त, कुठे विज्ञान विषयांसाठी वेगळी. वाचायला ती सोपी वाटते. आता गणित बघ. तीन वर्षांत ९० क्रेडिट, अट ३.५ ची. पहिल्या वर्षीच्या ३० क्रेडिटमध्ये तुला ३.२ मिळाला, तर उरलेल्या ६० मध्ये सरासरी ३.६५ लागेल. जमण्यासारखं आहे. पण दुसऱ्या वर्षाअखेरही ३.२ वरच अडकलीस, तर शेवटच्या ३० मध्ये ४.१ लागेल, आणि तो कुणालाच मिळत नाही. चार वर्षांच्या कार्यक्रमात त्याच जागी निदान ६० क्रेडिट हाताशी उरतात आणि ३.८ ने काम भागतं. कमी वर्षांच्या कार्यक्रमात घसरल्यावर सावरायला जागाच कमी. त्यात तुझे एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या विषयांचे, क्रेडिट. त्यांना ग्रेड नसते, त्यामुळे ग्रेड लागणारे विषय कमी होतात आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला एकच बी-मायनस जास्त बोचतो. शिवाय काही मेडिकल स्कूल बायॉलॉजी-केमिस्ट्रीसाठी एपी धरतच नाहीत. तू एपीच्या भरवशावर वेळापत्रक हलकं करणार असशील, तर हे आधी विचार.

पुढची अट एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची. काही कार्यक्रमांत ही परीक्षा द्यावीच लागत नाही, काहींत किमान गुण ठरलेले असतात. ठरलेले असतील, तर हमीचा अर्धा जीव तिथेच गेला, कारण मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत गेलीस तरी तीच परीक्षा आहे. मग बघ की अट कधी मोजतात, दर सेमिस्टरला की शेवटी एकदाच. एका सेमिस्टरला खाली आलीस तर सावरायची संधी देतात का? विषय मध्येच सोडून 'डब्ल्यू' हा शेरा लागला, आजारपणात सेमिस्टर रजा घेतली, किंवा एखादं वर्ष संशोधनासाठी थांबलीस, तर जागा टिकते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज करता येतो का. कित्येक ठिकाणी बाहेर अर्ज केला की हातातली जागा जाते. मला हे जाचक वाटतं, पण अट आहे ती आहे.

आता दुसरी वाट, हॉपकिन्सची. ती वाईट नाही, लांब आहे. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे सगळे प्रयोगशाळेसकट, वर बायोकेमिस्ट्री, आणि एमकॅटसाठी सायकॉलॉजी-सोशिऑलॉजी. एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात, परीक्षेचा दिवस साधारण साडेसात तासांचा. एमडीला (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१२ च्या आसपास असते, जीपीए ३.८ च्या जवळ. कॉलेज संपल्या संपल्या मेडिकलला जायचं, तर तिसरं वर्ष संपताच, मेअखेर-जूनमध्ये, ॲमकासवर, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जसेवेवर, अर्ज गेला पाहिजे. मग उन्हाळाभर प्रत्येक स्कूलचे वेगळे निबंध आणि हिवाळ्यापर्यंत मुलाखती. म्हणजे अर्जात दाखवायचं सगळं काम तीनच वर्षांत उरकायचं. म्हणूनच अर्ध्याहून जास्त मुलं किमान एक गॅप इयर घेतात. त्यात कमीपणा नाही, पण घरच्या हिशेबात ते वर्ष धरून ठेवा.

ॲमकास जीपीए स्वतःच्या पद्धतीने काढतं. ए-प्लसलाही ४.० च. विषय पुन्हा घेतला तर दोन्ही ग्रेड मोजतात. हायस्कूलमध्ये असताना तू कम्युनिटी कॉलेजात घेतलेलं कॅल्क्युलसही त्यात येईल. त्याची ग्रेड काय होती ते आठवून बघ.

मोठ्या युनिव्हर्सिटीच्या मेडिकल प्रवेशाच्या आकड्यांनी बाबा भारावलेत, त्यांना एक गोष्ट दाखव. देशभरात वर्षाला साधारण ५२ हजार जण एमडीला अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास मुलं प्रवेश घेतात. एखादी युनिव्हर्सिटी ८० किंवा ९० टक्के म्हणते, तेव्हा ते टक्के कशाचे ते विचारायचं. पहिल्या वर्षी प्रीमेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणारे, म्हणून आलेल्यांपैकी बरीच मुलं केमिस्ट्रीतच गळतात, ती या हिशेबात नसतात. काही ठिकाणी युनिव्हर्सिटीची समिती शिफारसपत्र देते आणि कच्च्या विद्यार्थ्यांना थांबायला सांगते, मग तेही अर्जदारांत दिसत नाहीत. प्रीमेड ऑफिसला सरळ विचार: पहिल्या वर्षी किती होते, अर्ज किती जणांनी केला, आणि ३.४ ते ३.६ जीपीएवाल्यांचं काय झालं? नामवंत ठिकाणी तुझ्यासारखीच हुशार मुलं एका वर्गात बसतात आणि बऱ्याचदा वर्गाच्या सरासरीवर ग्रेड ठरते. मेडिकल स्कूल नावाचा थोडा मान ठेवतात, पण ३.४ चा ३.८ करून देत नाहीत.

पैशाचं बोलायला तुला संकोच वाटतो, मला कळतं. तरीही बोलायलाच हवं. खाजगी युनिव्हर्सिटी मदत न मिळाल्यास राहण्या-जेवणासकट वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात जाते, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. सरकारी कॉलेजात राज्यातल्या मुलीला वर्षाला ४० हजार धरले, तर तीन वर्षांचे १ लाख २० हजार. फरक २ लाख ४० हजारांचा. याला आता नवं वजन आलंय, कारण १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचं कर्ज बंद. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांपर्यंतच. पालकांच्या प्लस कर्जालाही एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आली. खाजगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा सगळा खर्च साडेतीन-चार लाखांच्या आसपास जातो, तेव्हा वरची रक्कम खाजगी बँकेकडून, आई-बाबांच्या सहीवर. आई-बाबांनी साठवलेले पैसे पहिल्या चार वर्षांतच संपले, तर मेडिकलला काय उरणार, हे त्यांच्यासोबत कागदावर मांड. दुसरी बाजूही लिही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या ग्रॉसमन स्कूलमध्ये २०१८ पासून आणि आइन्स्टाइन मेडिकल स्कूलमध्ये २०२४ पासून ट्यूशन माफ आहे. बांधलेली जागा घेतलीस, तर ते दार बंद होतं. पण तिथली चुरस बघता त्यावर घरचं बजेट बांधू नये.

न्यूरोसर्जरीचं तुझ्या मनात आहे, म्हणून हे जरा सविस्तर. २०२२ च्या जानेवारीपासून डॉक्टरकीच्या परवान्याच्या स्टेप १ परीक्षेचा निकाल फक्त पास-नापास असतो. गुण उरले ते स्टेप २ ला, त्यामुळे चुरशीच्या शाखांत संशोधन आणि वरिष्ठांची पत्रं यांचं महत्त्व वाढलं. हमीच्या मेडिकल स्कूलच्या स्वतःच्या हॉस्पिटलात त्या शाखेची रेसिडेन्सी (पदवीनंतरचं प्रशिक्षण) आहे का ते बघ. नसेल, तर तुला ओळखणारा सर्जनच तुला जवळ सापडणार नाही. गेल्या चार-पाच वर्षांच्या मॅच याद्या, म्हणजे कुणाला कुठे रेसिडेन्सी मिळाली त्या, माग आणि बारकाईने वाच. 'सर्जरी, प्रिलिमिनरी' असं लिहिलं असेल, तर ती एका वर्षाची जागा आहे. पूर्ण प्रशिक्षणाच्या जागेला 'कॅटेगॉरिकल' म्हणतात. नुसती लांबलचक यादी पाहून लोक फसतात ते इथेच.

तुझ्या मैत्रिणीचा एच-४ चा, म्हणजे पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसाचा, प्रश्न वेगळा आहे, तिला नक्की सांग. बहुतेक हमीचे कार्यक्रम नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. ग्रीन कार्ड न येता ती २१ ची झाली, तर तिला एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल. मग पुष्कळ मेडिकल स्कूल अर्जच घेत नाहीत, आणि घेतात त्यातली काही एक ते चार वर्षांची फी आधीच जमा करायला सांगतात. तिने वकिलाशी आत्ताच बोलावं.

राहिला तुझ्या खात्रीचा प्रश्न, तो कुठल्याच पत्रात नाही. या तीन आठवड्यांत शॅडोइंग कर, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघ, पण ऑपरेशन पाहायला नको जाऊस, ते सगळ्यांनाच भारी वाटतं. एखाद्या फॅमिली फिजिशियनच्या क्लिनिकमध्ये दुपारी जा आणि शेवटचा पेशंट गेल्यावरही थांब. नोंदी पूर्ण करणं, विमा कंपनीकडून पूर्वपरवानगी मिळवणं, रिपोर्ट बघून पेशंटला फोन करणं, हे सगळं बघ. वाईट बातमी सांगताना डॉक्टर कुठे बसतात, किती वेळ गप्प राहतात, तेही बघ. ते पाहून पुन्हा जावंसं वाटलं, तर तुझा कल मला कळेल. तुला कॉम्प्युटर सायन्सचा एक वर्ग घेऊन बघायचाय, इतिहासही आवडतो, असं तू लिहिलंस. तीन वर्षांच्या वेळापत्रकात तशा वर्गांना फार थोडी जागा असते. ती हौस खरी असेल, तर तिचं वजन कमी धरू नकोस. आणि जागा घेऊन मध्येच मन बदललं, तर पदवी तुझी राहते, पण ती त्या सरकारी कॉलेजची असेल. ते चालणार आहे का, हे स्वतःला विचार.

सोमवारी दोन ईमेल पाठव. एक कार्यक्रमाच्या समन्वयकाला: गेल्या पाच तुकड्यांत किती जण आले आणि किती प्रत्यक्ष मेडिकलला पोचले, जे गळले ते कशामुळे, अटींमध्ये दरम्यान बदल झाले का, आणि झाले तर जुन्या तुकड्यांना लागू झाले का. दुसरा हॉपकिन्सच्या प्रीमेड ऑफिसला, वरचे तीन प्रश्न घालून. दोन्हीकडून लेखीच उत्तर माग. त्याच कार्यक्रमातून गेलेल्या, आता मेडिकलच्या तिसऱ्या वर्षात असलेल्या एका मुलीचा किंवा मुलाचा संपर्क मिळतो का तेही विचार. दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नकोस. तसं कळलं, तर दोन्ही जागा काढून घेऊ शकतात.

उत्तरं आली की मला पाठव. रविवारी आई-बाबांना घेऊन फोनवर बसू. हमीचं पत्र आणि खर्चाचा कागद समोर ठेवा.

तुझी,
मावशी