दात साफ केले की हलायला लागतात का?

"साफ केले का दात हालाले लागते म्हन्ते. माह्या जावेचे तसेच झाले."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या पंचेचाळिशीच्या मावशी दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसायलाच तयार नव्हत्या. खालचे पुढचे दोन दात आधीच हलत होते. मुलाने बळेच आणलेलं.

हा समज निव्वळ खोटा नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त दोष चुकीच्या जागी लावलेला असतो. दात हाडात चिकटवलेला नसतो. मुळावर सिमेंटमचा पातळ थर, भोवती हाडाची खोबण आणि दोन्हींना बांधणारे तंतू, जेमतेम पाव मिलिमीटर जागेत. वरून हिरडीचं झाकण. हिरडीच्या कडेला किटण साचलं की सूज येते, तंतू तुटतात, हाड झिजतं.

मावशींना धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा खुंट सांगितला: बुडाची माती वाहून गेली, तिथे गोटे अडकले, म्हणून तो उभा दिसतो. गोटे काढले की हलतो. गोटे म्हणजे किटण. ते तसंच ठेवलं तर उरलेली मातीही जाते.

मग आरशात दाखवलं. निरोगी हिरडीत मोजपट्टीची सळई १ ते ३ मिलिमीटर जाते. त्यांच्या त्या दोन दातांजवळ ६ गेली. रक्त मात्र फार नाही. त्याचं कारण खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं चघळायचं मिश्रण, असू शकतं: तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि आजार झाकला जातो. म्हणून खर्रा सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसू शकतं, त्याला भिऊन पुन्हा खर्ऱ्याची पुडी उघडू नये, हे आधीच सांगितलं. रक्तातली साखरही तपासायला लावली. ती वाढलेली असली तर हिरडी नीट भरत नाही.

साफसफाई दोन खेपांत झाली. दातांत फटी दिसतील, थंड पाणी आठ-पंधरा दिवस झोंबेल, हेही अगोदरच सांगितलं. हे न सांगितल्यानेच जावेसारख्या गोष्टी गावभर होतात. घरी मऊ ब्रश, हिरडीच्या रेषेवर तिरपा धरून, हलक्या हाताने, दिवसातून दोनदा. राखुंडी आणि कोळसा बंद.

सहा आठवड्यांनी सळई ४ वर आली. गेलेलं हाड परत आलं नव्हतं, सूज उतरून हिरडी दाताला घट्ट बसली होती. एक दात अजून थोडा हलतो. त्याने कडक भाकर तोडायची नाही. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. "येचनी झाल्यावर येतो," म्हणाल्या. तारीख वेचणीच्या आधीचीच लिहून दिली.